डायलिसिस आणि आठवड्याचे सात दिवस

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाच्या उपचाराला सुट्टी नसते. टायफॉइड उतरतो, मोडलेले हाड जुळते, शस्त्रक्रियेचे टाके निघतात आणि रुग्ण घरी जातो. डायलिसिसचा रुग्णही घरी जातो, पण परवा परत येण्यासाठी. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरु-शनि असा त्याचा क्रम ठरतो आणि प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्य संपेपर्यंत तो चालू राहतो. वर्षाच्या १५६ खेपा होतात. गणपती, घरातले लग्न, पेरणी, मुलाची परीक्षा, कोसळता पाऊस, कशासाठीही हा क्रम फार तर एक दिवस मागेपुढे सरकतो. या उपचाराचा हिशेब सरकार, विमा कंपन्या आणि रुग्णालये रुपयांत मांडतात. तो मांडायलाच हवा. पण रुग्णाच्या पदरचे सर्वांत जास्त खर्च होते ते त्याचे दिवस, आणि ते कोणत्याही फायलीत नोंदवले जात नाहीत. डायलिसिसवरचे जगणे समजून घ्यायचे तर सुरुवात या दिवसांपासून करावी लागते.

मूत्रपिंड हा मुठीएवढा अवयव. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीराला परत मिळतो आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. टाकाऊ द्रव्ये काढणे हे एवढेच त्यांचे काम नव्हे. रक्तदाब सांभाळणे, पोटॅशियम आणि आम्लता मर्यादेत ठेवणे, तांबड्या पेशी तयार करायला अस्थिमज्जेला सांगणारे संप्रेरक बनवणे, ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देणे, ही सगळी खाती तिथेच आहेत. त्यामुळे मूत्रपिंड बिघडले की हिमोग्लोबिन उतरते, हाडे ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते, अन्नाची वासना जाते. हा अवयव मोठा सोशिक आहे. अर्ध्याहून जास्त क्षमता संपली तरी माणसाला काही जाणवत नाही. पायांवर सूज, सकाळची मळमळ, जिना चढताना लागणारी धाप यांसाठी तो डॉक्टरकडे जातो आणि रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याचा आकडा पाहून त्याला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते, असे आजही सर्रास घडते.

कारणांमध्ये मधुमेह पहिला आणि उच्च रक्तदाब त्याच्या जोडीला. त्यानंतर गाळण्यांचा दाह, मुतखड्यांनी वर्षानुवर्षे तुंबलेली वाट, आनुवंशिक गाठी. सांधेदुखीसाठी स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोणी बनवली हे न कळणारी शिसे-पाऱ्याची भस्मे आणि पारा असलेली गोरेपणाची क्रीमसुद्धा या यादीत आहेत. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात तर मधुमेह नसलेल्या शेतकरी-मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी होतात आणि तिथले नेमके कारण अनेक वर्षांच्या शोधानंतरही ठरलेले नाही.

रक्त शरीराबाहेर काढून धुवायचे आणि परत आत सोडायचे, ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती विल्यम कोल्फ या तरुण डच डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन या लहान गावी, १९४३ मध्ये त्याने फिरते पिंप तयार केले. त्याच्यावर गुंडाळलेली नळी सॉसेजचे आवरण म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनची होती. पहिल्या सोळा रुग्णांत जवळजवळ कोणीच वाचले नाही. १९४५ मध्ये सतराव्या रुग्णाला, एका ६७ वर्षांच्या बाईला, शुद्ध आली. या यंत्राची अडचण वेगळीच होती. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही खेपांनंतर उघडायला वाहिनीच उरत नसे. त्यामुळे मूत्रपिंडाने तात्पुरते काम थांबवले असेल अशांनाच ते उपयोगी पडे. १९६० मध्ये सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि डायलिसिस हा वर्षानुवर्षे चालणारा उपचार झाला. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगला. यंत्रे मात्र मोजकीच होती. कोणाला उपचार द्यायचा हे ठरवण्यासाठी सिअ‍ॅटलमध्ये सामान्य नागरिकांची सात जणांची समिती बसवली गेली. तिने उमेदवाराचे उत्पन्न, मुले, चर्चमधली हजेरी अशा गोष्टी पाहून निवड केली, आणि ते १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकातून बाहेर आल्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. तिथे १९७२ च्या कायद्याने खर्चाचा भार सरकारने उचलला. भारतात अशी समिती कधी बसली नाही. बसण्याची गरजही नव्हती, कारण ते काम पैसा आणि अंतर या दोघांनी परस्पर केले.

भारतातल्या सामान्य वाचकाला डायलिसिस हा शब्द ओळखीचा झाला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणात. आणीबाणीत चंदिगड येथे स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. ऑक्टोबर १९७९ मध्ये पाटण्याला निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. म्हणजे १९७७ ची निवडणूक आणि जनता पक्षाच्या सरकारची स्थापना हे सारे त्यांनी डायलिसिसच्या वेळापत्रकात बसवले. त्या काळी हा उपचार देशातल्या मोजक्या शहरांतच होता. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणीही डायलिसिस केंद्रे दिसतात.

अशा केंद्रातल्या एका खेपेत काय होते ते पाहण्यासारखे आहे. रुग्ण आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो. मागच्या खेपेनंतरचे वजन आणि आजचे वजन यांतला फरक म्हणजे अंगात साठलेले पाणी. तेवढे आज काढायचे. सूज नाही, धाप नाही, रक्तदाब ठीक आहे अशा अवस्थेतल्या वजनाला ‘ड्राय वेट’ म्हणतात आणि रुग्ण, नातेवाईक, टेक्निशियन सगळे याच आकड्याभोवती बोलतात. ‘आज किती आलं?’ या प्रश्नाचे उत्तर इथे किलोत असते. मग हाताच्या फिस्टुलात दोन सुया टोचल्या जातात. या सुया सलाइनच्या सुईपेक्षा कितीतरी जाड असतात. एकीतून रक्त यंत्राकडे जाते, दुसरीतून परत येते. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी शिरेला जोडून तयार केलेली जाड, फुगलेली शीर. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी ही पद्धत १९६६ मध्ये जगापुढे मांडली आणि आजही तिच्याहून चांगला मार्ग नाही. ती वापरण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून शहाणे डॉक्टर डायलिसिस सुरू होण्याच्या बरेच आधी ती करून घ्यायला सांगतात. तसे न झाल्यास मानेत तात्पुरता कॅथेटर घालावा लागतो आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका राहतो. फिस्टुलावर बोट ठेवले की मांडीवर गुरगुरणाऱ्या मांजराच्या अंगासारखी थरथर लागते. सकाळी उठल्याबरोबर ती थरथर तपासणे ही या रुग्णाची पहिली सवय असते, कारण ती थांबली तर फिस्टुला बंद पडला आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. त्या हाताचा रक्तदाब घेत नाहीत, त्यातून तपासणीचे रक्त काढत नाहीत, त्याने जड पिशवी उचलायची नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचेही नाही.

यंत्राच्या डायलायझरमध्ये केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या आतून रक्त वाहते, बाहेरून उलट दिशेने क्षारांचे द्रावण. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर द्रावण लागते, म्हणजे आठवड्याला ३६० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशी एका पातळ पडद्याआडून भेटते. नळाचे पाणी यासाठी चालत नाही. आरओ संयंत्र आणि त्याची वेळच्या वेळी तपासणी हा केंद्राचा न दिसणारा, पण सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वीज गेली तर रक्ताचा पंप हाताने फिरवून रुग्णाचे रक्त परत द्यावे लागते. त्यासाठी यंत्राला हँडल दिलेले असते. रक्त बाहेरून फिरून आल्यामुळे अनेकांना थंडी वाजते, म्हणून एप्रिल-मेमध्येही चादरी आणि स्वेटर घेऊन आलेली माणसे इथे दिसतात. कोणी झोपतो, कोणी मोबाइलवर मालिका पाहतो, कोणी डब्यातली इडली खातो. बाहेर बाकड्यावर बायको किंवा मुलगा बसलेला असतो.

पाणी भराभर काढले तर रक्तदाब कोसळतो आणि पोटऱ्यांत गोळे येतात. सुरक्षित वेगाची मर्यादा साधारणपणे किलोमागे तासाला १३ मिलिलिटर धरतात. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून या हिशेबाने चार तासांत जेमतेम तीन लिटर निघते. पाच लिटर पाणी घेऊन आलेल्या रुग्णाचे सगळे पाणी काढायचे तर तो घामाघूम होऊन खचतो, न काढावे तर रात्री धाप लागते. शेवटी सुया काढून त्या जागा दहा-पंधरा मिनिटे दाबून धरतात, पुन्हा वजन होते, आणि रुग्ण घरी निघतो. पण तो घरी गेला की दिवस संपलेला असतो. खेपेनंतरचा थकवा अनेकांना संध्याकाळपर्यंत, काहींना दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतो. चार तासांच्या उपचारात रांग, सुया, प्रवास आणि हा थकवा मिळवला की कामाचा पूर्ण दिवस जातो. आठवड्यातले असे तीन.

उरलेले चार दिवस मोकळे असतात असेही नाही; ते पथ्याचे असतात. डायलिसिस निरोगी मूत्रपिंडाच्या कामाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून फारसे जास्त काम करत नाही. बाकीचे काम स्वयंपाकघरावर येते, आणि इथे आजारपणाच्या साऱ्या समजुती उलट्या होतात. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायचे ही मराठी घरांची रीत. शहाळ्याचे पाणी पोटॅशियमने भरलेले असते आणि डायलिसिसच्या रुग्णाला ते थेट धोक्याचे आहे. रक्तातले पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि कोणतीही पूर्वसूचना न देता हृदय थांबू शकते. केळी, मोसंबीचा रस, खजूर, टोमॅटोचे सार, बटाटा, सगळे याच खात्यात मोडते. उपवासाची बटाटा-शेंगदाण्याची साबुदाणा खिचडी निरुपद्रवी वाटते, पण या रुग्णापुरती ती तशी नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे, हे ‘सत्त्व जातं’ म्हणणाऱ्या आजीच्या गळी उतरवावे लागते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तर सर्वांत फसवे. त्यातल्या सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच असते. सैंधवही शेवटी मीठच.

पाण्याचे माप दिवसाला साधारण अर्धा लिटर आणि त्यात लघवी होत असेल तर तेवढी भर. चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळे यात धरायचे. बरेच रुग्ण सकाळी एक बाटली भरून ठेवतात आणि दिवसभर तिच्यातूनच घेतात. मात्र तहान आवरण्याचे खरे ठिकाण बाटली नाही, लोणच्याची बरणी आहे. मीठ खाल्ले की तहान लागते आणि ती निग्रहाने फार काळ दाबता येत नाही. प्रथिनांबाबत पुन्हा उलटापालट होते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी कमी प्रथिने खायला सांगितलेल्या माणसाला आता अंड्यांचा पांढरा भाग आणि मासे वाढवायला सांगतात, कारण यंत्र काही प्रथिनद्रव्येही धुऊन नेते. कालपर्यंत बंद असलेले आज का चालू झाले, हे नीट समजावून सांगायला ओपीडीतल्या डॉक्टरांना वेळ नसतो आणि आहारतज्ज्ञ प्रत्येक केंद्रात नसतात. मग शेजारच्या खाटेवरचा जुना रुग्णच गुरू होतो. तो बहुतेक वेळा बरोबर सांगतो, आणि एखाद्या वेळी चुकीचेही.

तीन खेपा सहा दिवसांत बसतात आणि सातव्या दिवसाने दोन खेपांमधले अंतर एका ठिकाणी वाढते. या मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त असते, हे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून २०११ मध्ये दिसून आले. रविवारचे श्रीखंड-पुरीचे जेवण किंवा लग्नाची पंगत नेमकी याच अंतरात येते. भारतात तर पैसा, अंतर किंवा जागा नाही म्हणून आठवड्यातून दोनच खेपा घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांची सगळीच अंतरे मोठी.

डायलिसिस ही या रुग्णाची एकमेव फेरी नसते. दर महिन्याच्या रक्ततपासण्या, हिमोग्लोबिनसाठीचे इंजेक्शन, हृदयाची टूडी इको, फिस्टुलाची डॉपलर तपासणी, मधुमेह असेल तर डोळ्यांचा आणि पायांचा विभाग, कावीळ ब ची लस, प्रत्यारोपणाच्या यादीत असेल तर त्याच्या तपासण्या. प्रत्येक विभागाचा ओपीडीचा वार ठरलेला, आणि तो वार रुग्णाच्या डायलिसिसच्या वाराशी नेमका भिडतो. एकाच इमारतीतल्या दोन विभागांनी एकमेकांचे वेळापत्रक पाहिले तर रुग्णाचा एक दिवस वाचेल. याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही. तरीही ते फारसे कुठे होत नाही. रुग्णाचा वेळ फुकट आहे असे गृहीत धरण्याची सवय हे त्याचे कारण.

नोकरीवर याचा घाव लगेच बसतो. कार्यालयातला लेखनिक पाळी बदलून, सकाळची पहिली शिफ्ट घेऊन निभावतो. ट्रकचालक, हमाल, गवंडी, शेतमजूर यांना फिस्टुलाच्या हाताने ओझे उचलता येत नाही आणि आठवड्याची तीन दिवसांची मजुरी जाते. सोबत येणाऱ्याचीही मजुरी जाते. बाई आजारी असेल तर आणखी एक अडथळा येतो: तिच्यासोबत वर्षभर जायला कोण मोकळे आहे? डायलिसिसच्या खाटांवर पुरुषांची संख्या जास्त दिसते, ती स्त्रियांची मूत्रपिंडे अधिक मजबूत असतात म्हणून नव्हे.

पैशाची बाजू गेल्या दशकात बरीच सावरली, हे मान्य करायला हवे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालू राहिली. अंगीकृत रुग्णालयात तिच्यातून डायलिसिस मोफत मिळते. तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर शिधापत्रिका आणि आधार दाखवून मंजुरी घ्यावी लागते. २०२३ मध्ये संरक्षणाची वार्षिक मर्यादा कुटुंबामागे ५ लाख रुपये करण्याचा आणि योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय झाला. केंद्राच्या पातळीवर राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात झाली. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नवे रुग्ण अखेरच्या टप्प्याला पोहोचतात आणि त्यामुळे ३ कोटी ४० लाख खेपांची वाढीव गरज निर्माण होते, असे त्या भाषणात सांगितले होते. ते भाषण करणारे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावरच मे २०१८ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. त्याआधी, २०१६ च्या नोव्हेंबरात, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी आपण डायलिसिसवर असल्याचे ट्विटरवर जाहीर केले होते. हा आजार लपवण्याचा नाही, हे त्या एका ओळीने बऱ्याच घरांना सांगितले.

रेल्वेच्या भाड्यात मूत्रपिंडाच्या रुग्णाला सवलत आहे आणि जुन्या करपद्धतीत आयकरात उपचारखर्चाची वजावट मिळते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, कायमचा मूत्रपिंडविकार नाही. आठवड्यातले तीन दिवस यंत्राशी जोडलेल्या माणसाची कामाची क्षमता कमी झाली आहे, हे मान्य करायला कायद्यात अजून जागा नाही. ही उणीव दुरुस्त व्हायला हवी.

वेळेच्या हिशेबात एक पर्याय मात्र जमेचा आहे, आणि नेमका तोच दुर्लक्षित आहे. पोटाच्या आतल्या पडद्यातून होणारे डायलिसिस घरी करता येते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून सुमारे दोन लिटर द्रावण आत सोडायचे, काही तास ठेवायचे, काढून टाकायचे, पुन्हा नवे भरायचे. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. महिन्यातून एकदा रुग्णालय पुरते. सह्याद्रीतल्या वाडीवरच्या किंवा गडचिरोलीतल्या रुग्णाला यात किती प्रवास वाचतो हे सांगायला नको. स्वच्छ खोली, धुतलेले हात, तोंडावर मास्क आणि काटेकोर सवय हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. केंद्राच्या कार्यक्रमात २०१९ पासून या पद्धतीचा समावेश आहे. तरी ती फारशी रुजलेली नाही, कारण पिशव्यांचा पुरवठा, शिकवणारी परिचारिका आणि घरी जाऊन पाहणारी व्यवस्था उभी करण्यापेक्षा खाटा आणि यंत्रे मांडणे सोपे आहे. उद्घाटनाची फीतही यंत्रालाच बांधता येते.

डायलिसिसच्या फेऱ्यातून पूर्ण सुटका एकाच मार्गाने होते. भारतात मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. मूत्रपिंडांचा उघड बाजार आणि त्यात नागवले गेलेले गरीब ही त्या कायद्यामागची पार्श्वभूमी. २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडे आली, आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. प्रत्यारोपणानंतरही गोळ्या जन्मभर आणि तपासण्या ठरलेल्या असतात, पण आठवड्याचे तीन दिवस परत मिळतात. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त, विशेषतः पत्नी आणि आई, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. कुटुंबाच्या प्रेमाचे हे गणित इतके एकतर्फी का, हा प्रश्न प्रत्यारोपण समित्यांनी दात्याला एकटे बसवून विचारायला हवा.

म्हणून मेंदुमृत व्यक्तीच्या अवयवांकडे वळणे भाग आहे. चार डॉक्टरांचे पथक सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदुमृत्यू जाहीर करते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीप्रमाणे अवयव देतात. एका दात्यामुळे दोन रुग्ण डायलिसिसच्या यंत्रापासून सुटतात. अवयवदानाचे कार्ड भरलेले असले तरी त्या वेळी रुग्णालयात नातेवाइकांचीच संमती घेतली जाते, आणि कधी विषयच न निघालेल्या घरात ती बहुधा मिळत नाही. ज्यांना आपली मूत्रपिंडे दुसऱ्याला मिळावीत असे वाटते त्यांनी कार्ड भरावे, आणि त्याच दिवशी घरच्यांना तसे स्पष्ट सांगून ठेवावे.